व्हॅनमधले २८ दिवस : आधी तयारी, मग प्रवास

"आजारी पोरीला घेऊन कुठे डोंगरात निघालात? तिथे लाईट नाही, डॉक्टर नाही. रात्री-अपरात्री काही झालं तर?"

गेल्या वर्षी एप्रिलपर्यंत आमच्या घरात हा प्रश्न रोज निघायचा. विचारणाऱ्या माझ्या सासूबाई, मुलांच्या दादी. त्यांचं चुकत नव्हतं. आमच्या थोरल्या लेकीला वयाच्या नवव्या वर्षापासून टाईप १ मधुमेह आहे. तिच्या शरीरात इन्सुलिन तयार होत नाही. दिवसातून चार वेळा इंजेक्शन घ्यावं लागतं आणि एक दिवसही ते चुकवून चालत नाही. आजार निघाल्यापासून सहा वर्षांत आम्ही कऱ्हाडहून पुणे, मिरज आणि कोकणातलं माझं माहेर, एवढंच फिरलो. शाळेची सहल आली की मी काहीतरी कारण सांगून तिला घरी ठेवायचे. ती काही बोलायची नाही.

दहावीची परीक्षा संपली त्या दिवशी ती म्हणाली, "अम्मी, मला बर्फाचे डोंगर बघायचेत. हॉटेलच्या खिडकीतून नाही, तिथे राहून."

यांचं गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज आहे. दारात एक जुनी पण धडधाकट, खाजगी नोंदणीची व्हॅन उभी होती. यांनी फक्त एवढंच विचारलं, "नक्की कशाची भीती वाटते ते एका कागदावर लिहू या का?"

आमच्या प्रवासाची सुरुवात त्या कागदापासून झाली. गाडी घेऊन लांब जायची इच्छा अनेक घरांत असते. कुणाच्या घरी वडिलांना रक्तदाब असतो, कुणाच्या घरी लहान बाळ असतं. त्यांना उपयोग होईल म्हणून आमची तयारी, आमचे हिशेब आणि आमच्या चुकाही इथे लिहीत आहे.

जागा आणि महिना

आम्ही हिमाचल प्रदेशातलं स्पिती खोरं निवडलं. तिथे पाऊस फार कमी पडतो. त्याला थंड वाळवंट म्हणतात. भारतीय नागरिकांना तिथे जायला वेगळा परवाना लागत नाही. काझा हे तालुक्याचं गाव सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे. तिथे जायला दोन वाटा आहेत. एक मनालीकडून कुंझुम खिंडीतून जाते. ही खिंड साडेचार हजार मीटरच्या वर असल्यामुळे मे महिन्यात सहसा बर्फाखाली असते. दुसरी शिमला, रामपूर, किन्नौरवरून सतलजच्या काठाने चढत जाते. ही वाट लांबची आहे, पण चढ हळूहळू येतो. आमच्यासाठी तेच महत्त्वाचं होतं.

महिना ठरवताना आम्ही पावसाळा पहिल्यांदा बाजूला काढला. किन्नौरचे डोंगर पावसाळ्यात फार धोकादायक होतात. २५ जुलै २०२१ रोजी सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ दरडीचे दगड पर्यटकांच्या गाडीवर कोसळून नऊ जणांचा जीव गेला. त्यानंतर अडीच आठवड्यांनी, ११ ऑगस्टला, निगुलसरीजवळ दरडीखाली एसटीसारखी प्रवासी बस आणि इतर वाहनं सापडली आणि २८ जण दगावले. जुलै-ऑगस्टमध्ये कुणी कितीही आग्रह केला तरी कुटुंबाला घेऊन त्या वाटेला जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे. मे महिन्यात शाळांना सुट्टी असते आणि बकरीदच्या आधी घरी परतताही येणार होतं. म्हणून मे ठरला.

पण मे महिन्याने आमच्यापुढे एक वेगळंच कोडं टाकलं.

उष्माही शत्रू, थंडीही शत्रू

न वापरलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं. वापरायला काढलेलं पेन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात चालतं, पण खोली ३० अंशांच्या आत हवी. मे महिन्यात धुळे, इंदूर, ग्वाल्हेर या पट्ट्यात पारा ४४ पर्यंत जातो. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तर तो याहून बराच चढतो. तिथे फ्रीजशिवाय गत्यंतर नव्हतं.

उलट स्पितीत मे महिन्यातही रात्री पारा शून्याच्या खाली उतरतो. इन्सुलिन एकदा गोठलं की ते वाया जातं. मग ते वितळून दिसायला स्वच्छ दिसलं तरी वापरायचं नसतं. म्हणजे अर्ध्या प्रवासात औषध थंड ठेवायचं आणि अर्ध्या प्रवासात गोठू द्यायचं नाही.

आमच्या डॉक्टरांनी हा सगळा बेत शांतपणे ऐकून घेतला. "नाही" म्हणतील या तयारीनेच मी गेले होते. त्यांनी चार अटी घातल्या.

पहिली अट, लागेल त्याच्या दुप्पट औषध न्यायचं. लेकीला दिवसाला साधारण ४० युनिट लागतात. ३० दिवसांचे झाले १,२००, दुप्पट म्हणजे २,४००. पेनच्या एका कार्ट्रिजमध्ये ३०० युनिट असतात, म्हणून आठ कार्ट्रिज. दुसरी अट, हा साठा एका ठिकाणी ठेवायचा नाही. तिसरी, सोबत औषधांची चिठ्ठी आणि आजाराचं पत्र ठेवायचं. चौथी अट सर्वांत महत्त्वाची. वाटेत विकत घ्यायची वेळ आली तर ताकद वाचूनच घ्यायचं. आपल्याकडे मिळणाऱ्या इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या एका मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात आणि पेनची कार्ट्रिज १०० युनिटची. बाटलीची सिरिंज वेगळी असते. एकाची सिरिंज दुसऱ्याला वापरली तर मात्रा अडीचपट चुकते. ज्या घरात इन्सुलिन घेणारं कुणी आहे, त्या प्रत्येक घराने हे लक्षात ठेवावं, मग प्रवासाला जा अथवा न जा.

विजेचा हिशेब

यांनी विजेचा हिशेब घरखर्चाच्या वहीसारखा मांडला. जमा किती आणि खर्च किती.

१२ व्होल्टवर चालणारा ४० लिटरचा छोटा फ्रीज घेतला. तो चालू असताना सुमारे ४५ वॅट ओढतो. मैदानी उन्हात तो निम्म्याहून जास्त वेळ चालू राहतो, म्हणजे दिवसाला अंदाजे ६५० वॅट-तास. दोन दिव्यांना ४०, चार फोनना ६०, छोट्या पंख्याला १२०. एकूण ८७० वॅट-तास. डोंगरात फ्रीज क्वचित चालतो आणि पंखा लागत नाही, तिथला खर्च सव्वातीनशेच्या आत.

जमेच्या बाजूला १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी, तिच्यात साधारण १,२८० वॅट-तास मावतात. तिच्यातले हजारच आपले समजायचे. शंभर वॅटची दोन घडीची सोलर पॅनेल घेतली, ती जमिनीवर उन्हाकडे तोंड करून मांडता येतात. गाडी चालू असताना इंजिनवरूनही बॅटरी भरेल अशी सोय केली. याचा अर्थ डोंगरात सलग तीन दिवस ऊन पडलं नाही तरी आमचं भागणार होतं.

एक गोष्ट यांनाही नव्याने कळली. लिथियम बॅटरी शून्याच्या खाली चार्ज करायची नसते, ती खराब होते. म्हणून ती डिकीत कोपऱ्यात न ठेवता आत, आमच्या झोपण्याच्या फळीखाली बसवली. फळी मागच्या सीट दुमडून वर टेकवायची, बोल्टने काढता-घालता येणारी केली. आरटीओच्या नोंदीत बदल करावा लागेल अशी कापाकापी गाडीत कुठेही केली नाही. मी आणि लेक गाडीत झोपणार, हे आणि धाकटा शेजारी तंबूत.

पाणी आणि वुजू

वीस लिटरचे तीन कॅन, म्हणजे ६० लिटर पाणी. पाणी जड असतं, ६० लिटर म्हणजे ६० किलो. याहून जास्त नेलं तर घाटात गाडी कुरकुर करते आणि ब्रेकवरही ताण येतो.

चौघांना पिण्याला १२ लिटर, स्वयंपाक-चहाला ६, भांड्यांना ४. राहिली वुजू. घरी नळ सोडून वुजू करताना खाली बादली ठेवली. एकेकाचं चार लिटर पाणी गेलं! चौघांच्या पाच वेळा म्हणजे ८० लिटर, आमच्या साऱ्या कॅनपेक्षा जास्त. मग लोट्याने केली. पाऊण लिटरात व्यवस्थित झाली, म्हणजे दिवसाला १५ लिटर. आपल्या प्यारे नबी (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करत, हे लहानपणापासून ऐकलं होतं. मुद्द म्हणजे जवळजवळ तेवढंच माप. ऐकलेली गोष्ट मोजून पाहिल्यावर तिचा अर्थ नव्याने समजला. या हिशेबाने दिवसाला ३७ लिटर लागत होते, म्हणजे दीड दिवसाला कॅन भरायचे. धाकट्याने त्यासाठी एक वही केली होती.

स्पिती नदीचं पाणी गाळाने गढूळ असतं. आम्ही गावातल्या झऱ्या-नळांवरून विचारून पाणी घेतलं आणि पिण्याचं गाळून उकळलं. उंचावर पाणी लवकर उकळतं, काझाला सुमारे ८८ अंशांनाच. म्हणून उकळी फुटल्यावर आणखी तीन मिनिटं चुलीवर ठेवायचं. याच कारणाने तिथे उघड्या पातेल्यात डाळ शिजत नाही. प्रेशर कुकर न्यायलाच हवा.

नमाजच्या बाबतीत निघण्याआधी आम्ही मौलानांना कसरचे मसले विचारून घेतले. आपापल्या मसलकाप्रमाणे हे आधीच विचारून ठेवावं, वाटेत घोळ होत नाही. किब्ल्याचीही एक गंमत कळली. कऱ्हाडला आपण पश्चिमेकडून थोडं उत्तरेला वळतो. स्पितीत तो पश्चिमेकडून थोडा दक्षिणेला येतो. सोबत होकायंत्र ठेवलं होतं.

रंगीत तालीम

निघण्याच्या तीन आठवडे आधी आम्ही कोयनेच्या जलाशयाकाठी, ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात, दोन रात्री राहिलो. फ्रीजमध्ये खरं इन्सुलिन ठेवलं नाही. रिकाम्या कार्ट्रिजमध्ये पाणी भरून ठेवलं आणि सोबत दिवसातलं सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान नोंदवणारा छोटा थर्मामीटर.

पहिल्याच रात्री फजिती झाली. यांनी घाईत फ्रीजची वायर गाडीच्या मूळ बॅटरीला जोडली होती. पहाटे तीनच्या सुमारास फ्रीज बंद पडला. सकाळी थर्मामीटर १९ अंश दाखवत होता आणि गाडी सुरू होईना! शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी लावून ती सुरू केली. हेच इंदूरच्या रस्त्यावर झालं असतं तर? दुसऱ्या रात्री जोडणी बदलली आणि सगळं नीट चाललं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, पैसे खर्च करून काय-काय आणलं यापेक्षा घराजवळ दोन रात्री राहून पाहणं जास्त मोलाचं आहे.

त्या रात्री दुसरा नियमही ठरला. गाडीच्या आत गॅस, शेगडी, कोळसा काहीही पेटवायचं नाही, कितीही थंडी असो. बंद जागेत कोळशाचा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. गॅस गळला तर तो हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचतो. पाच किलोचा सिलिंडर घेतला आणि स्वयंपाक कायम बाहेर. ऊब हवी तर गोधड्या आणि गरम पाण्याच्या पिशव्या.

चढ हळूहळू

कऱ्हाडहून शिमला सुमारे २,००० किलोमीटर. पाच दिवस आम्ही पहाटे चारला निघून अकराच्या आत मुक्काम गाठायचो आणि रात्री लॉजवर किंवा नातेवाइकांकडे राहायचो. मैदानातल्या उन्हात गाडीत झोपण्याचा अट्टाहास केला नाही.

शिमल्यापासून उंचीचा नियम सुरू झाला. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. म्हणून शिमला, नारकंडा, मग सुमारे २,९०० मीटरवर कल्पा. तिथे तीन रात्री. पुढचं नाको गाव सुंदर आहे, पण ते ३,६०० मीटरवर. तिथे थांबलो असतो तर एका दिवसात ७०० मीटरची उडी झाली असती. आम्ही नाकोत फक्त जेवलो आणि खाली ताबोला, सुमारे ३,३०० मीटरवर, मुक्काम केला. काझा त्यानंतर तीन दिवसांनी. पेट्रोलचंही तसंच. रिकाँग पिओजवळ पोवारीला टाकी पूर्ण भरली, कारण पुढचा पंप थेट काझाला.

दवाखान्यांची यादी मी गाडीच्या पुढच्या काचेजवळ लावली होती : शिमल्याला इंदिरा गांधी मेडिकल कॉलेज, रामपूरजवळ खनेरीचं रुग्णालय, रिकाँग पिओचं रुग्णालय, काझाचं आरोग्य केंद्र. प्रत्येक मुक्कामावरून सर्वांत जवळचं कोणतं आणि तिथे पोचायला किती तास, हे आम्ही चौघांनी पाठ केलं होतं.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती. उंचीचा त्रास आणि साखर खाली जाणं, दोन्हींची लक्षणं सारखीच दिसतात. डोकं दुखणं, थकवा, चिडचिड, गोंधळ. म्हणून "हवा लागली" म्हणून सोडून द्यायचं नाही, आधी साखर तपासायची. साखर तपासायचं यंत्रही थंडीत चुकतं, त्यामुळे ते स्वेटरच्या आत ठेवायचं. आणि उलट्या होऊन जेवण गेलं नाही तरी इन्सुलिन आपल्या मनाने बंद करायचं नाही. साखर तपासत राहायचं आणि खाली उतरून डॉक्टर गाठायचा. ग्लुकोजची पुडी आणि खजूर चौघांच्याही खिशात असायचे, एकट्या तिच्या नाही.

ती सकाळ

काझाच्या अलीकडे, गावकऱ्यांना विचारून, नदीपासून उंचावर एका मोकळ्या जागी आम्ही चार रात्री राहिलो. अंधार पडल्यावर एक दिवा नाही, फोनला रेंज नाही. इतके तारे मी आयुष्यात पाहिले नव्हते.

आमच्या तीन पिशव्या होत्या. एक लेकीच्या अंथरुणात, एक माझ्या, एक बंद केलेल्या फ्रीजच्या डब्यात जाड कपड्यात गुंडाळलेली. प्रत्येकीत थर्मामीटर. तिसऱ्या रात्री जेवताना मी माझ्या पिशवीतून एक नवं कार्ट्रिज तिला काढून दिलं आणि पिशवी पुढच्या दाराच्या कप्प्यात ठेवली. मग उचलायची विसरले. मी, जिने इतक्या याद्या केल्या होत्या.

पहाटे फजरला उठले तेव्हा काचेवर आतून बर्फाची नक्षी होती. पिशवी हातात घेतली. थर्मामीटरने रात्रीचं सर्वांत कमी तापमान उणे २ नोंदवलं होतं. कार्ट्रिज मात्र पाण्यासारखी स्वच्छ दिसत होती. माझे हात कापू लागले. मनात आलं, गोठलं नसेल, दिसतं तर चांगलं आहे, दोन कार्ट्रिज कशाला वाया घालवायची?

लेक उठून बसली. तिने थर्मामीटर पाहिला, दोन्ही कार्ट्रिज घेतली आणि वापरलेल्या सुयांच्या डब्यात टाकली. "अम्मी, यासाठीच तर तीन पिशव्या केल्या ना? अजून पुरेसं आहे." मग तिने वहीत मोजून दाखवलं. परतीच्या दिवसांसकट लागेल त्याहून दोन कार्ट्रिज जास्तच होती.

मी बाहेर जाऊन वुजू केली. त्या दिवशी नमाजमध्ये मला रडू आवरलं नाही. भीतीने नाही. सहा वर्षं मी तिला सांभाळत होते आणि ती आता स्वतःला सांभाळायला शिकली आहे, हे मला घरात कधी दिसलंच नव्हतं. शाळेच्या सहलीची ती सगळी खोटी कारणं मला एकेक करून आठवली. त्या सकाळी मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे ना, चहा कर."

कचरा आणि परत येणं

स्पितीत पाणी कमी, म्हणून तिथल्या घरांत अजूनही कोरडे संडास आहेत. माती-राख टाकतात, पुढे त्याचं खत शेतात जातं. आपण पाहुणे म्हणून जाऊन तिथल्या ओढ्याकाठी घाण करणं हा गुन्हाच. आम्ही गावातले संडास विचारून वापरले. प्लास्टिक आणि सुया-लॅन्सेट असलेला जाड डबा सगळं परत कऱ्हाडला आणलं आणि सुयांचा डबा आमच्या दवाखान्यात दिला.

परतीला कुंझुमचा मोह टाळला आणि गेलो त्याच वाटेने आलो. ओळखीचा रस्ता, ओळखीची पाण्याची जागा, ओळखीचे दवाखाने. निघण्याच्या आदल्या दिवशी काझावरून हिक्किमला गेलो. सुमारे ४,४०० मीटर उंचीवर तिथे एक टपाल कार्यालय आहे. दिवसा जाऊन आलो, झोपायला मात्र खालीच उतरलो. लेकीने दादीला पोस्टकार्ड टाकलं.

ते कार्ड आम्ही घरी पोचल्यावर आठ दिवसांनी आलं. दादींनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि आपल्या कुरआन शरीफच्या कपाटात ठेवलं. त्यात एवढंच होतं : "दादी, इथे लाईट नाही, डॉक्टर लांब आहे. पण आम्ही सगळं मोजून आलो आहोत. काळजी करू नका."

तुमच्याही घरात अशी एखादी भीती असेल, तर आधी ती कागदावर लिहा. मग डॉक्टरांना विचारा. मग घरापासून तासाभराच्या अंतरावर एक रात्र राहून पाहा. काही बिघडलं तर सकाळी घरी नाश्त्याला पोचाल. आणि नीट पार पडलं, तर पुढचा रस्ता मोकळा आहे, इन्शाअल्लाह.